जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत

१

काळुरामच्या सायकल दुकानात नियम एकच, आणि तो भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेला : जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत.

पेणच्या बाजारामागच्या गल्लीत हे दुकान चाळीस वर्षं उभं आहे. चेन बदलली की झिजलेली चेन गिऱ्हाइकाला परत. ब्रेकचे रबर बदलले की जुने रबर परत. पार्ट फार निघाले तर पोत्यात भरायचे, पोत्याला सायकलच्या मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची. माल नेताना मालकाने चिठ्ठीवर ग्रीसचा अंगठा उठवायचा आणि ती चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. पूर्वी मिठागरावरच्या माणसांना सही येत नव्हती. आता सगळ्यांना येते, तरी काळुराम अंगठाच मागतो.

"सही कोणी पण मारतो," तो म्हणायचा. "अंगठा माणूस आल्याशिवाय उठत नाय."

मिथुन गेली दोन वर्षं या दुकानात पडीक असायचा. डिप्लोमा त्याने दुसऱ्या वर्षात सोडला. कॉलेजात लेथ मशीन होतं, पण त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्याचं चित्र काढायचं आणि चित्राला मार्क. एके दिवशी तो चित्र तसंच टाकून उठला, तो थेट काळुरामच्या दुकानात येऊन बसला.

शेवटी यावर घरात बैठक झाली. बैठकीला पाच वडीलधारी माणसं. पाचांपैकी एकानेही आयुष्यात स्वतःच्या डोक्याने काही ठरवलेलं नव्हतं, पण मिथुनचं आयुष्य ठरवायला सगळे वेळेवर हजर. बापाचं म्हणजे रघूचं म्हणणं, मामाने रोह्याच्या एका कंपनीत शब्द टाकलाय, एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून शिफ्टला जायचं.

"त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, पेण-रोहा शर्यत हाय," मिथुन म्हणाला. "पहिल्या दहात आलो तर मी काळुरामकाकाच्या दुकानात बसणार. नाय आलो तर तुमची कंपनी."

"पळवशील काय? माझी स्कूटर?" रघू म्हणाला. मामा बशीतला चहा सांडेपर्यंत हसला.

"माळ्यावरची रेसर पळवीन."

हसणं बंद झालं. मामाने बशी खाली ठेवली. रघूने वर माळ्याकडे पाहिलं.

"ती नको," तो म्हणाला.

"का?"

का, हे सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मोठ्या माणसांना कारण सांगणं कमीपणाचं वाटतं. चार जण ऐकत होते, म्हणून रघूने मान ताठ केली. "बरं. दहात. अकरावा आलास तरी कंपनी."

रघू कसाही असो, दिलेला शब्द तो मोडायचा नाही. एवढी एक गोष्ट मिथुन त्याच्या खात्यावर मान्य करायचा.

२

माळ्यावरून सायकल उतरवली तेव्हा ती सायकल कमी आणि गंजाचा ढीग जास्त होती. खाडीची हवा लोखंडाला सोडत नाही. आणि सबंध सांगाड्यावर कुणीतरी डांबर फासलं होतं.

"गंज लागू नये म्हणून," रघू म्हणाला.

खोटं. गंज लागू नये म्हणून माणूस सगळीकडे सारखं डांबर लावतो. इथे मधल्या दांडीवर तीन थर होते.

पुढचे आठ दिवस मिथुनच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस होते. सकाळी आठला तो शटर वर करायचा आणि घासलेटच्या थाळीत हात घालायचा. बेअरिंगचे जुने छर्रे काढले, वाट्या धुतल्या, एकेक मोजून नवे बसवले. बदलून आणलेल्या मागच्या चाकाचा आऊट काढायला अख्खी सकाळ गेली : चाक फिरवायचं, कुठे हेलकावतंय ते बघायचं, एक आरा पाव फेरा कसायचा, समोरचा सैल करायचा. चाक एकदाचं सरळ फिरलं, तेव्हा गल्लीतल्या चहावाल्याला ऐकू जाईल अशी शिट्टी त्याने मारली.

"लगीन ठरल्यागत करतंय पोर," काळुराम म्हणाला.

"लग्नापेक्षा बरं हाय काका. बिघडलं तर दुरुस्त होतं."

चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती, ती गेली. पेडलं गेली, केबल गेल्या, रबर गेले, दोन्ही चाकं सडलेली, तीही गेली, टायर तर हातात घेताच भुगा. मागचं फ्रीव्हील असं जाम झालं होतं की पाना लावून काळुराम त्याच्यावर उभा राहिला तेव्हा ते चाकावरून निघालं, फिरलं मात्र नाही. पनवेलच्या भंगारबाजारातून जोडीचे पार्ट मिळाले. निघेल तो जुना पार्ट पोत्यात.

चौथ्या दिवशी मिथुनने मधल्या दांडीवरचं डांबर खरवडलं. खाली लाल रंग निघाला आणि त्यावर पिवळी अक्षरं. पेणात गणपती रंगवणाऱ्या हातांचंच असं वळण असतं. वेलांटी अशी की मोदकाची कळी वाटावी. नाव होतं : पुतळी.

पुतळी ही रघूची धाकटी बहीण. मिथुनला तिच्याविषयी एवढंच माहीत, की ती होती आणि लवकर गेली. घरात तिचा फोटो नाही, नाव निघत नाही.

मिथुनचं डोकं फिरलं. बहीण मेली तर मेली, वर तिच्या नावावर तीन थर डांबर? त्याने पोत्याची चिठ्ठी घेतली. मालकाच्या नावाची जागा तोवर कोरी होती. मार्करने, ठळक, त्याने लिहिलं : पुतळी. आणि चिठ्ठी पोत्याला घट्ट बांधली.

काळुराम पंक्चर काढत होता. त्याचे हात थांबले.

"तुझं नाव लिहायचं होतं रे."

"सायकल माझी कुठं हाय? नियम म्हणजे नियम."

काळुराम पुन्हा पंक्चरकडे वळला. चिठ्ठी त्याने सोडली नाही. आपणच केलेला नियम आपणच मोडायचा, हे त्या म्हाताऱ्याला झेपणारं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी मिथुनने एका पिनेचं माप बघायला पोत्यात हात घातला आणि हाताला चेन लागली. ती वाकली. साखळीसारखी, मऊ, बोटांमधून ओघळली.

मिथुनने ती उजेडात धरली. गंज होता, पण कालच्याइतका नाही. कड्या मोकळ्या झालेल्या. घासलेट ठिबकलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. थाळी वरच्या फळीवर होती आणि पोतं खाली कोपऱ्यात. थाळीपासून पोतं चांगलं चार हात लांब होतं, पण माणसाला कारण हवं असतं, आणि समोर आलेल्या पहिल्या कारणाला तो मिठी मारतो.

त्याच्या पुढच्या दिवशी पेडलं चकाकत होती. नुसती पुसलेली नाहीत. वापरून येते ती चकाकी. पाय पडतो तिथेच, डाव्या पेडलाला उजव्यापेक्षा जरा जास्त.

"काका, पोत्यातलं सामान तुम्ही साफ करताय?"

"मला येळ हाय? गिऱ्हाइकाच्या मालाला मी हात लावत नाय."

मिथुन हसला. मग शुक्रवारी दुपारी दोन वाजले. काळुराम जेवायला गेला होता, शटर अर्धं खाली, गल्लीत एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं. मिथुन सीटची उंची लावत होता. आधीची खूण त्याच्या मापापेक्षा दोन बोटं खाली होती. त्याने सीट वर घेतली, बोल्ट कसला, आणि मागच्या कोपऱ्यातून आवाज आला.

टिक. टिक. टिक-टिक-टिक-टिक.

हा आवाज सायकलवाल्याला झोपेतही कळतो. पाय थांबवले की मोकळं फिरणाऱ्या फ्रीव्हीलचा आवाज. दुकानात चालू सायकल एकच होती, ती मिथुनच्या हातात होती, आणि तिचं चाक स्थिर होतं.

पोत्यातलं फ्रीव्हील जाम होतं. काळुराम पान्यावर उभा राहिला तरी फिरलं नव्हतं.

आवाज उताराला लागल्यासारखा वेगाने पळाला, मग हळूहळू मंदावला. शेवटच्या टिकनंतर पोतं जरासं खाली बसलं, दम सोडल्यासारखं.

मिथुनच्या अंगावर काटा आला. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्याला हसू येत होतं. इतका खुशीतला आवाज होता तो.

४

"सांगा आता," काळुराम परत आल्यावर मिथुन म्हणाला.

काळुरामने आधी हात धुतले. मग स्टुलावर बसला.

"शहाऐंशी साल. ही सायकल तिच्या मामाने मुंबईहून धरमतर बंदरात बार्जवर टाकून पाठवली. तुझा आजा मिठागरावर. ती त्याची भाकरी घेऊन खाडीच्या बांधावरनं जायची. एक वीत रुंदीचा बांध, दोन्हीकडं पाणी, आणि ही हात सोडून! मिठागरातली माणसं फावडी टाकून बघायची. 'गो पुतळे, पडशील!' तर वरनं काय ओरडायची, 'पडले तर मीठ लावून ठेवा!'"

काळुराम स्वतःशीच हसला. "त्या साली शर्यत निघाली. पेण ते रोहा. मी तयार केली सायकल. सत्तर पोरं आन ती एकटी. वरश्यापर्यंत पयल्या दहात होती. रोहा एक मैल राह्यला."

"मग?"

"मग वरश्याच्या वळणाला तुझा बाप रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा. गावात लोक बोलत होते ना. पोरगी अर्ध्या चड्डीत, पोरांच्या घोळक्यात. तुझ्या आज्याने धाडलं त्याला. उतरवली खाली. टेम्पोत टाकून परत आणली, सायकलीसकट. दोन महिन्यांत लगीन. वर्षाच्या आत तापाने गेली."

मिथुन म्हणाला, "आणि तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मी सायकलवाला."

"व्हय," मिथुन म्हणाला. "सगळे कोण ना कोण असतातच."

काळुरामने मान खाली घातली. मिथुनला त्याची कीव आली नाही. लोकांना बोलायला जीभ असते, बापाला पसरायला हात असतात, आणि उरलेल्यांना धंदा असतो. यातूनच पोरी मरतात. ताप फक्त शेवटी येतो.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा पोतं रिकामं होतं. चिठ्ठीही नव्हती. शटरचं कुलूप मात्र जागच्या जागी.

५

रविवारी सकाळी सहाला पेणातून नव्वद सायकली सुटल्या. त्याआधी तीन पाहुण्यांची भाषणं झाली. तिघांनीही तरुणांनी काय करावं ते सांगितलं, आणि तिघेही गाडीतून आले होते.

बाकी पोरांकडे फुंकरीने उडतील अशा हलक्या नव्या सायकली, डोक्याला चकचकीत टोप्या. मिथुनच्या लाल रेसरकडे बघून एक जण म्हणाला, "काय रे, आजोबांना घेऊन आलास?"

"आत्याला," मिथुन म्हणाला.

वडखळ मागे पडलं. नागोठणं आलं आणि गेलं. सायकल अशी पळत होती की मिथुनला मध्येच ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडला. आपल्या हाताने सरळ केलेलं चाक, आपण मोजून भरलेले छर्रे. खाली रस्ता नुसता वाहत होता. कोलाडला हमरस्ता सोडून रोह्याकडे वळला तेव्हा त्याने पुढची डोकी मोजली. नऊ. म्हणजे तो दहावा. मागचा घोळका निदान अर्धा किलोमीटर लांब.

तेवढ्यात डाव्या बाजूने आवाज आला.

टिक-टिक-टिक-टिक.

मिथुनचे पाय जोरात चालू होते. पाय चालू असताना फ्रीव्हील वाजत नाही. पाय थांबवले तरच वाजतं. त्याने स्वतःलाच हे दोनदा सांगितलं. म्हणजे शेजारून जे कोणी येत होतं ते पाय न हलवता येत होतं. तो घामाने निथळत होता आणि ते आरामात घरंगळत होतं, चिडवत.

मान वळवायची नाही, असं त्याने ठरवलं. शर्यतीत मान वळवली की वेग पडतो. हे कारणही अगदी खरं होतं.

पण सूर्य पाठीशी होता आणि सावल्या पुढे पडत होत्या. त्या न बघणं त्याच्या हातात नव्हतं. एक सावली त्याची : वाकलेली पाठ, सायकल, फिरणारे पाय. तिच्या डाव्या अंगाला दुसरी. दोन चाकं होती. चाकांच्या वर वाऱ्यावर उडणारी लांब वेणी होती. आणि चाकांच्या आणि वेणीच्या मध्ये जिथे सायकलचा सांगाडा असायला हवा, तिथे काही नव्हतं. नुसतं ऊन.

सांगाडा मिथुनच्या खाली होता.

त्याला भीती वाटली का? वाटली. पण पायांना ती कळली नाही. पाय आणखी जोरात फिरायला लागले आणि शेजारची टिकटिक बंद झाली. तिनेही पाय मारायला सुरुवात केली होती.

समोर वरश्याचं वळण आलं.

वळणावर रघू उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हातात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेऊन तो रस्त्याच्या कडेला उभा होता, पोराला द्यायला आलेल्या कुठल्याही बापासारखा. मग त्याने पाहिलं. मिथुनकडे नव्हे, त्याच्या डावीकडे.

बाटली पडली. रघू दोन पावलं रस्त्यात आला आणि त्याचे दोन्ही हात वर आले, पसरलेले. एकोणचाळीस वर्षांची सवय अशी हातात बसलेली असते.

"बाबा, बाजूला!" मिथुन ओरडला.

रघूने आपल्या हातांकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. मग त्याने ते खाली घेतले, मागे सरला, आणखी सरला, आणि रस्ता संपल्यावर सरळ गटारात उतरला. एका सायकलला लागते त्याच्या दुप्पट वाट त्याने सोडली होती.

दोघं शेजारून गेले. मिथुनला हसणं ऐकू आलं. पोरीचं, मोकळं, पार मिठागराच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असं. आणि मग ती सावली एक चाक पुढे सरकली.

६

रोह्यात नदीकाठी शरद गुरुजी वही घेऊन क्रम टिपत होते. पेणातल्या तीन पिढ्यांचे कान पिळून रिटायर झालेला माणूस. चूक करायचा नाही आणि दुसऱ्याची सोडायचा नाही.

"अकरावा," ते म्हणाले.

"दहावा, गुरुजी. माझ्या पुढं नऊ होते."

"मला मोजायला शिकवू नको. तुझ्या पुढे एक चाक ती पोरगी आली. नंबर नव्हता पाठीवर. नाव विचारायला हाक मारली तर थांबली नाही, हसत गेली नदीकडे. तुमच्या ओळखीची का रे?"

वहीत लिहिलं होतं : १०. मुलगी, नंबर नाही.

मिथुन कट्ट्यावर बसला. त्याला कंपनीचं फाटक दिसलं, गळ्यातलं कार्ड दिसलं. आणि तरी आतून काहीतरी इतकं उसळत होतं, की तोंडावरचं हसू जाईना.

रघू स्कूटरवरून आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"कितवा?"

"अकरावा. उद्या जातो कंपनीत. शब्द म्हणजे शब्द."

"दहावा कोण?"

गुरुजींनी वही पुढे केली. रघूने चष्मा लावला. त्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

"गुरुजी, हिला यात मोजू नका," तो शेवटी म्हणाला. "ही या शर्यतीतली नाय. ही शहाऐंशी सालच्या शर्यतीतली हाय. मी थांबवलेली."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं नाही.

"म्हणजे हा दहावा," रघू म्हणाला. मिथुनच्या मानेवर हात ठेवून त्याने ती जरा हलवली. बापाचा हात मानेवर पडायची ही दहा वर्षांतली पहिलीच वेळ. माफी वगैरे मागायला त्याला जमलं नाही. बापांची जातच तशी. पण नदीकाठी त्या दोघांनी मिळून आठ वडापाव खाल्ले.

७

सोमवारी सकाळी मिथुनने दुकानाचं शटर वर केलं. गिऱ्हाईक म्हणून नाही. काळुरामने नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मग बोट भिंतीकडे केलं.

खिळ्यावर सगळ्यात वर पुतळीच्या नावाची चिठ्ठी टोचलेली होती. नावाखाली ग्रीसचा अंगठा. लहान, पोरीचा. मिथुनने बोट लावलं तर ग्रीस ओलं होतं.

"नेलंन सामान," काळुराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "नियमाने नेलंन."

मिथुनही हसला. मग हसता हसता त्याच्या मनात आलं ते त्याने विचारलं.

"काका, तिला पार्ट सगळे मिळाले. चाकं, चेन, पेडलं. पण बसवायचे कशावर? सांगाडा तर आपल्याकडं हाय."

काळुरामच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं.

दोघांनी वळून पाहिलं. लाल रेसर रात्री ठेवली होती तशीच भिंतीला टेकून उभी होती. टायरच्या नक्षीत ओली, करडी, खाडीची माती भरली होती. सीट दोन बोटं खाली होती.

मिथुनने पाना उचलला. सीटपाशी गेला. बोल्टला पाना लावला, थोडा वेळ तसाच धरला, आणि काढून घेतला.

त्याने पाना फळीवर ठेवला. शेवटी सायकल कोणाची, ते चिठ्ठीवर त्यानेच लिहिलं होतं.